लेस्वोस बेटावर शिक्षणाचे दहा महिने : प्रत्यक्ष राहिल्यानंतरचा अनुभव

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी ग्रीसमधील लेस्वोस बेटावर उतरले आणि पुढच्या वर्षी जुलैच्या मध्यावर तेथून परत निघाले. पुण्यात भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमातून मला ही संधी मिळाली होती. निघण्यापूर्वी एखाद्या ग्रीक बेटावर राहून शिकलेल्या कोणी मराठीत काही लिहिले आहे का, म्हणून मी पुष्कळ शोध घेतला. जे मिळाले ते सान्तोरिनीच्या पांढऱ्या घरांविषयी आणि आठवडाभराच्या सहलींविषयी होते. म्हणून एक संपूर्ण हिवाळा काढून मला जे कळले, ते माझ्यानंतर जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते : या बेटावर एका सत्रापुरते, त्यातही केवळ उन्हाळ्याच्या सत्रापुरते, जाऊ नये. जायचे तर पूर्ण वर्षासाठी जावे. बेटाकडून शिकण्यासारखे जे आहे, त्यातला मोठा भाग ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत पदरी पडतो, आणि बेट सर्वांत जास्त त्रास देते तेही याच महिन्यांत.

क्रीट आणि एव्हिया यांच्यानंतर लेस्वोस हे ग्रीसमधले तिसरे मोठे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे 1,630 चौरस किलोमीटर. मुख्य शहर मितिलिनी पूर्व किनाऱ्यावर आहे आणि हवा स्वच्छ असली की बंदरावरून समोर तुर्कस्तानचे डोंगर स्पष्ट दिसतात. 1984 मध्ये स्थापन झालेल्या एजियन विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि त्याचे विभाग लेस्वोस, खिओस, सामोस, ऱ्होड्स, सिरोस व लिम्नोस अशा सहा बेटांवर विखुरलेले आहेत. मितिलिनीत पर्यावरण, भूगोल, सागरविज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय आहेत. ज्याला आपला विषय दाराबाहेर पडताच समोर हवा आहे, त्याच्यासाठी ही जागा फार चांगली आहे. मी मात्र एकाच गोष्टीच्या ओढीने गेले होते : बेटाच्या पश्चिम टोकाला सिग्री गावाजवळ असलेले अश्मीभूत, म्हणजे दगड झालेले, अरण्य.

त्याकडे वळण्याआधी बोटीविषयी सांगायला हवे, कारण बेटावरचे सगळे वेळापत्रक शेवटी बोटीवर येऊन ठेपते. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्री सुटणारी मोठी बोट खिओसला थांबून साधारण अकरा-बारा तासांनी, सकाळी मितिलिनीला लागते. विमान तासाभरात पोहोचवते. पण सामान जास्त असेल तर बोटच परवडते, आणि विद्यार्थी ओळखपत्रावर तिकिटात सवलतही मिळते. हिवाळ्यात वाऱ्याचा जोर वाढून तो साधारणपणे ब्युफोर्ट मापावर आठच्या घरात गेला की बंदर खाते बोटी सोडण्यास मनाई करते. या मनाईला तिथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात, आणि तिथे राहणाऱ्याच्या तोंडी हा शब्द पहिल्या महिन्यातच बसतो. जानेवारीत मी दगडांचे पातळ छेद करून घेण्यासाठी अथेन्सला गेले होते आणि बुधवारी माझे सादरीकरण होते. सोमवारी रात्री बंदरावर पोहोचले तेव्हा फलकावरच्या सगळ्या बोटींपुढे एकच शब्द होता. ती रात्र आणि पुढची रात्र मी पिरेअसमधल्या एका स्वस्त खोलीत काढली. खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालत होता आणि मी मांडीवर संगणक घेऊन मार्गदर्शकांना माफीचे पत्र लिहीत होते. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते : “वारा आहे, शुक्रवारी करू.” बेटावरच्या माणसाला वाऱ्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद होते, तेव्हा पलीकडच्या माणसाला आपण खुलासा विचारत नाही, तसेच हे आहे. त्यानंतर मात्र मी महत्त्वाच्या प्रत्येक तारखेआधी दोन दिवस राखून ठेवू लागले.

घराचा अनुभव संमिश्र आहे. मितिलिनीत विद्यार्थ्यांना घर मिळते आणि भाडे अथेन्सच्या मानाने बरेच कमी असते. परंतु सप्टेंबरमधल्या सोनेरी उन्हात खोली पाहून होकार देणे ही माझी चूक ठरली. नोव्हेंबरच्या मध्यावर पाऊस सुरू झाला आणि उत्तरेकडची भिंत ओल धरू लागली. तिथला पारा युरोपातल्या इतर ठिकाणांइतका खाली जात नाही, पण समुद्राची दमट थंडी अंथरुणात, कपड्यांत, वहीच्या पानांत शिरते. इमारतीला मध्यवर्ती तापयंत्रणा होती. तेल महाग असल्यामुळे ती संध्याकाळी दोन-तीन तासच चालवायची, असे सर्व बिऱ्हाडांनी मिळून ठरवले होते, आणि हे मला करार करताना कोणी सांगितले नव्हते. डिसेंबरमध्ये कपाटामागे काळी बुरशी आली. घरमालकाला तीन वेळा सांगूनही रंग मारण्यापलीकडे काही झाले नाही. शेवटी जानेवारीअखेर मी घर बदलले आणि बंदराच्या मागच्या चढावर एका वृद्ध बाईंच्या घरातली वरची खोली घेतली. तिथे लाकडाची शेगडी होती आणि मी दोन जिने खाली उतरले की ‘कोरी मू’, म्हणजे ‘माझ्या लेकी’, अशी हाक यायची. कागदपत्रांचेही थोडक्यात सांगते. दीर्घ मुदतीचा व्हिसा काढून गेल्यावर तिथे निवास परवान्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यासाठी मला एका कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या, आणि प्रत्येक खेपेला एखादा नवा कागद निघाला. जन्मदाखल्याचे अधिकृत भाषांतर व त्यावरचे प्रमाणीकरण भारतातूनच करून न्यावे.

पदवीचे वर्ग ग्रीक भाषेत चालतात, हे जाण्यापूर्वी नीट समजून घ्यावे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना बहुतेक विषयांत वाचनसाहित्य, छोटा प्रकल्प आणि अध्यापकांशी ठरावीक वेळी भेट, अशा पद्धतीने शिकवले गेले. सुरुवातीला मला हे कमी वाटले. पुढे लक्षात आले की आठवड्यातून एकदा अर्धा तास समोरासमोर बसून आपल्या नकाशातली प्रत्येक रेघ का काढली याचे उत्तर द्यावे लागते, तेव्हा वर्गात बसून झाला नसता इतका अभ्यास होतो. मी विद्यार्थ्यांसाठीच्या ग्रीक भाषावर्गालाही नाव घातले. गणितामुळे अल्फा, बीटा, थीटा, फाय ही अक्षरे आपल्या ओळखीची असतातच, त्यामुळे पाट्या वाचायला दोन आठवडे पुरले. बोलता येण्यास मात्र पूर्ण हिवाळा लागला, आणि ते आले तेही वर्गापेक्षा भाजीवाल्याकडे.

आता सिग्री. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखींचे मोठे उद्रेक झाले आणि राखेच्या लोटांनी इथले उपोष्ण प्रदेशातले अरण्य उभेच्या उभे गाडून टाकले. पुढे सिलिकायुक्त गरम पाणी त्या लाकडात झिरपत राहिले आणि लाकडाची जागा पेशीपेशीने दगडाने घेतली. त्यामुळे खोडावरची साल, आतली वर्षवलये, गाठी हे सगळे जसेच्या तसे राहिले. हे अरण्य 1985 मध्ये संरक्षित नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झाले, सिग्रीत त्याचे संग्रहालय आहे, आणि आज संपूर्ण बेट युनेस्कोचे जागतिक भू-उद्यान आहे. तिथली बरीच खोडे मुळांसकट जागच्या जागी उभी आहेत. म्हणजे ही झाडे दुसरीकडून वाहून येऊन दगड झालेली नाहीत. ती जिथे वाढली तिथेच दगड झाली. उद्यानातले सर्वांत मोठे उभे खोड सात मीटरांहून उंच आहे आणि त्याचा घेर आठ मीटरांहून अधिक आहे. 2021 मध्ये काल्लोनी-सिग्री रस्त्याच्या कामात तर सुमारे 19 मीटर लांबीचे एक झाड फांद्या व मुळांसह सापडले.

ऑक्टोबरमध्ये मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा, खरे सांगायचे तर, थोडी निराश झाले होते. उघड्या, करड्या टेकड्या, धूळ, आणि दोरीच्या कुंपणात उभी असलेली मातकट खोडे. दुसऱ्यांदा गेले ती नोव्हेंबरच्या अखेरीस, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर. एका बुंध्याजवळ मी गुडघे टेकून बसले. ओल्या दगडाचा रंग पूर्ण पालटला होता : मध्यभागी मधासारखा पिवळा, त्याभोवती गंजासारखा तांबडा, कडेला शिसवी काळा, आणि त्या रंगांतून वलये इतकी स्वच्छ उमटली होती की काही जागी दोन वलयांमधले अंतर नखाएवढे आणि काही जागी केसाएवढे आहे, हे नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होते. रुंद वलय म्हणजे चांगल्या पावसाचे वर्ष, अरुंद म्हणजे वाईट. दोन कोटी वर्षांपूर्वीचे एक कोरडे वर्ष माझ्या बोटाखाली होते. मी राजापूर तालुक्यातली. सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट पाहत लहानाची मोठी झाले. आमच्याकडचा लाव्हा पातळ, तो थरावर थर पसरत गेला. इथल्या उद्रेकांनी राख उधळली, आणि त्या राखेनेच अरण्य जपले. ज्वालामुखीच्या दोन स्वभावांतला हा फरक मी पुस्तकात अनेकदा वाचला होता. तो समजला त्या सकाळी. संरक्षित क्षेत्रातून खडाही उचलण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून मी प्रत्येक बुंध्याची मापे आणि रंगांच्या नोंदी घेतल्या. त्या हिवाळ्यात मी सहा वेळा सिग्रीला गेले, आणि दर मोठ्या पावसानंतर ओघळींतून एखादे नवे टोक उघडे पडलेले दिसायचे. मे महिन्यात येणाऱ्या विद्यार्थ्याला यातले काही दिसत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

सिग्रीची एकच अडचण म्हणजे जाणे-येणे. मितिलिनीहून रस्ता लांब आणि वळणांचा आहे, आणि हिवाळ्यात बस फार थोड्या असतात. एकदा परतीची बस चुकली, अंधार पडला, आणि गावातल्या एकमेव उघड्या कॉफीघरात मी काय करावे या विचारात बसले. तिथे पत्ते खेळणाऱ्या चार वृद्धांनी आपसात चर्चा केली, एकाने फोन केला, आणि तासाभराने मासळी घेऊन मितिलिनीला निघालेल्या टेम्पोत मला जागा मिळाली. चालकाने वाटेत काल्लोनीच्या मिठागरांशी गाडी थांबवून अंधुक उजेडात पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी दाखवले. या काल्लोनीच्या आखातालाच प्राचीन काळी पिऱ्हा शहरावरून नाव होते, आणि ॲरिस्टॉटलने समुद्री जीवांची जी निरीक्षणे नोंदवली त्यांत या आखाताचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. त्याचा सहकारी आणि वनस्पतिशास्त्राचा जनक मानला जाणारा थिओफ्रास्टस तर याच बेटावरच्या एरेसोसचा.

डिसेंबरमध्ये नव्या घरमालकीणबाईंच्या भावाकडे ऑलिव्हच्या तोडणीला मदत करण्यासाठी गेले. तेव्हा मी त्यांच्याकडे राहतही नव्हते, भाषावर्गातल्या मैत्रिणीने ओळख करून दिली होती. बेटावर ऑलिव्हची एक कोटीहून अधिक झाडे आहेत असे सांगतात. 1850 च्या भीषण थंडीत जुन्या बागा करपून गेल्या आणि आजच्या बऱ्याच बागा त्यानंतर लावलेल्या आहेत, हे त्या भावाने मला झाडाच्या बुंध्यावर थाप मारत सांगितले. झाडाखाली जाळी पसरायची, लांब काठीने फांद्या झोडायच्या, मग जाळीची टोके उचलून फळे एका बाजूला आणायची, पाने-काटक्या निवडायच्या आणि पोती भरायची. बागा उतारावर असल्याने जाळी घसरते, फळे निसटून खालच्या बांधावर जातात आणि ती एकेक वेचावी लागतात. दुपारपर्यंत माझी कंबर वाकेना. ते बांध मात्र मी पाहतच राहिले : चुना-सिमेंटशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेले, थेट आमच्या कलमांच्या बागेतल्या गडग्यासारखे. कोरड्या दगडी बांधकामाची ही कला 2018 मध्ये ग्रीससह आठ देशांच्या नावाने युनेस्कोच्या यादीत गेली आहे. माझे आजोबा दर पावसाळ्यानंतर गडग्याचे ढासळलेले दगड परत बसवत असत. तेच काम तिथेही पावसानंतर चाललेले दिसले, आणि तिसऱ्या दिवशी मी न विचारता त्यात हात घातला. दगड कसा फिरवून बसवायचा हे मला येते, हे पाहून त्या कुटुंबाने मला पाहुणी समजणे सोडले. घाण्यावर साधारण पाच किलो फळांमागे एक किलो तेल निघाले. गडद हिरवे, ताजे तेल शेकलेल्या पावावर ओतून दिले. पहिल्या घासाला घशात मिरीसारखे झोंबते आणि मग त्याची चटक लागते. पाच लिटरचा एक डबा त्यांनी मला दिला.

जेवणाची काळजी करणाऱ्यांसाठी : मी मासे खाते, त्यामुळे काल्लोनीच्या छोट्या, खारवलेल्या तारल्यांनी माझी सोय उत्तम झाली. शाकाहारी माणसाचीही अडचण होत नाही, विशेषतः नाताळाआधीच्या आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात. तेव्हा मांस, दूध, अंडी वर्ज्य असल्यामुळे घरोघरी मसूर, छोले, मोठे पांढरे वाल, पालेभाज्या तेलात शिजतात. दुकानात ‘निस्तिसिमो’ म्हणजे ‘उपवासाचे’ असे विचारले की पुरते. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या पहिल्या दिवशी, ‘स्वच्छ सोमवारी’, सगळे गाव डोंगरावर जाऊन पतंग उडवते. चपटा तिळाचा पाव आणि तिळकुटाचा हलवा खाल्ला जातो. तीळ व मधाची ‘पास्तेली’ नावाची वडी हातात पडली तेव्हा संक्रांत चुकल्याचे दुःख मला एकदम आठवले आणि ओसरलेही. मालवणी मसाला आणि कोकम मात्र बरोबर न्यावे. ते तिथे मिळत नाही.

एका गोष्टीविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते. 2015 मध्ये समुद्र ओलांडून या एका बेटावर सुमारे पाच लाख निर्वासित उतरले, आणि 2020 च्या सप्टेंबरमध्ये इथली मोरियाची निर्वासित छावणी जळाली. बेटाच्या उत्तरेला तुर्कस्तानपर्यंतच्या सामुद्रधुनीची रुंदी सुमारे दहा किलोमीटर उरते. म्हणून आपल्यासारख्या वर्णाच्या विद्यार्थ्याने पारपत्राची प्रत आणि विद्यार्थी ओळखपत्र नेहमी जवळ ठेवावे. मला दोनदा रस्त्यात थांबवून कागद विचारले गेले. दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर असलेल्या ग्रीक मैत्रिणीला विचारले नाही, फक्त मला विचारले, आणि त्याचे मला वाईट वाटले. पण त्याच शहरात एपानो स्काला या जुन्या वस्तीत आशिया मायनरमधून आलेल्या मातेचा पुतळा आहे, मुले कवटाळून उभी असलेली. 1922 मध्ये समोरच्या किनाऱ्यावरून पळून आलेल्या आणि 1923 च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत घरे सोडलेल्या माणसांची नातवंडे-पतवंडे आज तिथे राहतात. माझ्या घरमालकीणबाईंच्या आजी समोरच्या किनाऱ्यावरच्या आयवालिकच्या. त्या किनाऱ्याकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, “घराची किल्ली आमच्याकडे होती, दार तिकडे राहिले.” निर्वासितांसाठी त्या दर आठवड्याला डाळीचे मोठे पातेले शिजवून नेत, आणि मार्चपासून ते उचलायला मी त्यांच्याबरोबर जात असे.

भूकंपाचा धक्का मी फेब्रुवारीत अनुभवला. छोटाच होता, फडताळातले पेले किणकिणले. पण 12 जून 2017 च्या भूकंपात व्रिसा गाव कसे कोसळले ते बाई त्या रात्री उशिरापर्यंत सांगत राहिल्या. माझ्या आजीने 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा हादरा घरात अनुभवला होता. मी तिचे वर्णन मोडक्या ग्रीकमध्ये सांगितले, आणि एकमेकींना कधीही न भेटणाऱ्या त्या दोन म्हाताऱ्यांचे शब्द जवळजवळ सारखे निघाले.

एप्रिलनंतर बेट सुंदर होते, पर्यटक येतात, पक्षी पाहणारे दुर्बिणी घेऊन मिठागरांकाठी उभे राहतात, पोहायला समुद्र मिळतो. त्याचे वर्णन इतरत्र भरपूर आहे. अभ्यासाच्या दृष्टीने मला त्या महिन्यांत नवे फार थोडे मिळाले. हिवाळ्यात गोळा केलेल्या नोंदी लिहून काढण्यातच ते गेले.

ज्यांना शिकता शिकता नोकरी करून खर्च भागवायचा आहे, ज्यांच्या कामाला मोठी प्रयोगशाळा रोज लागते, किंवा एकटेपणाचा ज्यांना खरोखर त्रास होतो, त्यांनी हे बेट निवडू नये. हिवाळ्यात सहा वाजता काळोख होतो, दुपारी दुकाने बंद असतात, आणि सलग चार दिवस वारा थांबत नाही. क्षेत्रकाम करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र मी निःशंकपणे जा असे सांगेन. सप्टेंबरअखेर पोहोचावे. घर पाहताना उत्तरेच्या भिंतीवर तळहात ठेवून पाहावा, कपाट ओढून मागे बघावे आणि तापयंत्रणा किती तास चालते हे करारात लिहून घ्यावे. सिग्रीला पहिल्यांदा जायचे ते पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या बसने, आणि घोट्यापर्यंतचे जाड तळाचे बूट घालून जावे, कारण तिथली ओली राखेची माती पावलागणिक बुटाला चिकटत जाते.